एक उतार, बारा महिने, एक मामा

भर सभेत, तीनशे माणसं आणि एक चालू माईक यांच्या साक्षीने, मामाचं नाक कापलं गेलं. मुळापासून, पुन्हा फुटवा येऊ नये असं.

आता हे वाक्य विसरून जायचं. असं काही झालंच नाही. त्या तीनशे माणसांना विचारलं तरी ती हेच सांगतील, की कार्यक्रम छान झाला, पंखे तेवढे कमी पडले. तेव्हा आपणही नाक शाबूत धरूनच सुरुवात करू.

मामाचा फोटो स्टुडिओ होता. बाजाराच्या रस्त्यावर, एका बाजूला चष्म्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा. आत एक स्टूल, स्टुलामागे निळा पडदा, भिंतीवर आरसा आणि आरशाला बांधलेला कंगवा. कंगवा दोनदा चोरीला गेला म्हणून दोरी लावली, मग तो दोरीसकट गेला म्हणून साखळी. हँगरला एक काळा कोट कायम टांगलेला. ज्याला ओळखपत्रावर रुबाब हवा असेल त्याने तो चढवायचा आणि फोटो झाला की उतरवून पुढच्याला द्यायचा. गावातले निम्मे पुरुष कागदोपत्री त्या एकाच कोटात होते. एकदा पोलिसांनी एका चोराचा फोटो दुकानोदुकानी फिरवला, तर लोकांनी फक्त कोट ओळखला.

त्या स्टुलासमोर दिवसभर उभी असायची ती मामाची भाची. तिला सगळे खुंटी म्हणत. उंची बेताची हे एक कारण, आणि एकदा एका जागी रुतली की बैल लावले तरी हलणार नाही हे दुसरं. दिवसाला चाळीस माणसांना ती एकाच आवाजात एकच वाक्य सांगायची, "हनुवटी वर घ्या. हसू नका." हे सांगताना ती स्वतःही हसत नसे, त्यामुळे लोकांना सोपं जाई. मग संगणकावर बसून त्यांच्या पुटकुळ्या, डाग, रात्रीची जागरणं पुसायची. रविवारी सुट्टी.

रविवारची गोष्ट सांगायची तर तिच्या बाबांपासून सांगावी लागेल. बाबा रोडरोलर चालवायचे. रोलरपेक्षा हळू चालणारं वाहन रस्त्यावर नाही, आणि म्हणून रस्त्याकडेचं सगळं काही रोलरवाल्याइतकं दुसऱ्या कुणाला दिसत नाही. गावाबाहेर टेकडीला वळसा घालणारा रस्ता झाला तेव्हा बाबा अडीच महिने एकाच उतारासमोरून मागेपुढे जात होते. उतारावर एक मोठा खडक, आणि खडकाच्या सावलीच्या बाजूला त्यांना ते फूल दिसलं. तांदळाच्या दाण्याएवढं, निळसर, काठाला बारीक दातरे. बाबांनी त्याला चिमणदात म्हटलं. चिमणीला दात कुठे असतात, असं खुंटीने लहानपणी विचारलं होतं. "म्हणून तर दिसत नाही पटकन," असं बाबा म्हणाले होते आणि विषय संपला होता.

रस्त्याच्या कामातली एक लोखंडी खुंटी बाबांनी उतारासमोर ठोकली होती, कमरेएवढी उंच, डोकं घणाने सपाट केलेलं. त्या सपाट डोक्यावर कॅमेरा बरोबर बसायचा. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून खुंटीने नेम धरला. दर महिन्याचा पहिला आणि तिसरा रविवार, सकाळी साडेसात, तीच लोखंडी खुंटी, तेच भिंग, कॅमेऱ्याचं तोंड खडकाकडे. एक फोटो. दुसरा काढायचा नाही, कितीही मोह झाला तरी. पुढे जायचं नाही, गवत बाजूला सारायचं नाही, हात लावायचा नाही. मेलेला उतार आणि सजलेला उतार, दोन्ही तसेच घ्यायचे.

अशी तीन वर्षं गेली आणि बहात्तर फोटो झाले. एकामागे एक पाहिले तर उतार श्वास घेताना दिसायचा. एप्रिलमध्ये जळून काळा, खडकावर सरडा. जूनच्या अखेरीला पहिली पोपटी लव, टक्कल पडलेल्याला केस फुटावेत तशी. ऑगस्टमध्ये गवतच गवत, खडक बुडालेला, मधूनमधून पांढरे तुरे. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी, आणि फक्त त्याच रविवारी, खडकाच्या पायाशी निळा शिंतोडा, म्हणजे चिमणदात. हे फूल अकरा दिवस राहतं. पुढे गवत सोनेरी, मग तांबूस, डिसेंबरात धुक्यात खडक असून नसल्यासारखा. खुंटीला तिसऱ्या वर्षी भिंगातून मोजून एकोणीस रोपं सापडली होती. एवढीच जगात आहेत की आणखी कुठे आहेत हे तिला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला एखादा रोडरोलर लागला असता.

कॅमेरा मामाचा होता. फोटो स्टुडिओच्या संगणकावर ठेवलेले होते. यापुढचं वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल, खुंटीच्या मात्र आलं नाही. तिला ते स्वतःच्या घरात कळलं, ओट्याशेजारच्या भिंतीवर. आईने नवीन वर्षाचं कॅलेंडर खिळ्याला लावलं होतं. "एक उतार, बारा महिने." खाली मामाचं नाव, मामाचा हसरा फोटो, आणि सप्टेंबरच्या पानावर निळा शिंतोडा.

"बघ, माझा भाऊ किती फिरतो गं डोंगरदऱ्यांतून," आई म्हणाली. मामाला जिना चढताना धाप लागायची. तो स्टुडिओच्या मागच्या माळ्यावरसुद्धा दुसऱ्याला पाठवायचा.

खुंटी दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेली. मामा काच पुसत होता.

"मामा, ते फोटो माझे आहेत."

"कॅमेरा कुणाचा?"

"तुझा."

"कार्ड?"

"तुझंच."

"आणि ती लोखंडी खुंटी?"

"बाबांची."

"बाबांची नव्हे गं, रस्त्याच्या खात्याची. सरकारी लोखंड. राहता राहिलं बटण. बटण तर आपण लिफ्टमध्येही दाबतो, म्हणून इमारत आपली होते का?"

मामा बोलायला असा होता. त्याच्याशी वाद घालून माणूस बाहेर पडला की आपणच त्याची माफी मागितल्याचं त्याच्या लक्षात यायचं. खुंटीनेही त्या दिवशी जाताना "बरं" म्हटलं, आणि त्या "बरं"ची तिला पुढे वर्षभर आग झाली. घरी आईने समजूत घातली की घरातल्या घरात कसलं तुझं-माझं, आणि तुझे बाबा गेले तेव्हा तुला कामावर कुणी घेतलं. हे खरं होतं. खरं असल्यामुळेच ते गिळवत नव्हतं. फेब्रुवारीत गावातल्या सभागृहात मामाचा सत्कार झाला. खुंटीने पुष्पगुच्छ दिला, कारण तिच्या हातात आयत्या वेळी कुणीतरी तो कोंबला. मामाने भाषणात निसर्ग हा आपला गुरू असल्याचं सांगितलं.

तेव्हापासून ती सूड घ्यायला लागली, पण हप्त्याहप्त्याने. स्टुडिओच्या दर्शनी काचेत मामाचा मोठा फोटो होता. उन्हाने तो विटायचा, म्हणून दर महिन्याला नवा छापायचा आणि छापण्याआधी मामाला थोडा तरुण करायचा, हे काम खुंटीचं. ती केस काळे करायची, सुरकुत्या पुसायची आणि डावा कान एक केसभर खाली सरकवायची. फक्त एक केस. जुलैपर्यंत ओळखीची माणसं मामाला तब्येत विचारायला लागली. ऑगस्टमध्ये मामी रोज रात्री त्याच्या कानात औषधाचे थेंब घालू लागली. खुंटीला बरं वाटायचं, पण तहानलेल्याला ओल्या रुमालाने बरं वाटावं तेवढंच.

मग सप्टेंबर आला. कॅलेंडर इतकं गाजलं होतं की लोकांना आता फुलांचे जवळून फोटो हवे होते. म्हणून मामा आयुष्यात पहिल्यांदा त्या उतारावर गेला, दोन माणसांच्या आधाराने आणि तिसऱ्याच्या खांद्यावर पाणी देऊन.

आता मामाची एक पद्धत सांगितली पाहिजे, कारण सगळी गोष्ट त्या पद्धतीवर उभी आहे. मामा फुलाचा फोटो काढला की ते फूल उपटायचा. मुळासकट. आणि डाव्या खांद्यावरून मागे भिरकावून द्यायचा. दुसऱ्या कुणाला तोच फोटो काढता येऊ नये म्हणून. "एक फूल, एक फोटो, एक माणूस," असं त्याचं तत्त्व होतं, आणि फोटोच्या क्षेत्रात फार चोऱ्या वाढल्यात असं तो त्याच्या पुष्ट्यर्थ सांगायचा.

तिसऱ्या रविवारी साडेसातला खुंटीने भिंगातून पाहिलं तर चिमणदाताची आठ रोपं उरली होती. अकरा ठिकाणी ओल्या मातीचे खड्डे, बोटं घालून काढल्यासारखे. खडकामागे तिला उपटलेली रोपं सापडली, सुकून शेवयांसारखी झालेली. तिने नेहमीप्रमाणे एक फोटो काढला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्या लोखंडी खुंटीच्या पुढे गेली, ती अकरा रोपं रुमालात बांधली आणि घरी आणून बाबांच्या फोटोच्या मागे ठेवली. जेवताना आईने विचारलं, एवढी गप्प का. कान दुखतोय, असं तिने सांगितलं.

कान, ओला रुमाल, हे आता पुरणार नव्हतं. मामाचं नाक हवं होतं. त्याच सभागृहात, त्याच टाळ्या वाजवणाऱ्यांसमोर, आणि कापायचं ते त्याच्याच हातातल्या सुरीने.

ती रोपवाटिकेत गेली. रोपवाटिकेवाला गप्पिष्ट होता, रोपांशी बोलून बोलून त्याला उत्तराची अपेक्षा राहिली नव्हती. लोकांनी कधी न पाहिलेलं असं काहीतरी दे, असं तिने सांगितलं. त्याने नुकतीच दूरवरून आलेली एक टांगती कुंडी काढली. फुलं पिवळी, घसा गर्द लाल, पाकळ्यांना सुरकुत्या, एखादं फूल स्वतःवरच खूश असावं तसं. दोन जाती एकत्र करून कुणीतरी खिडकीत टांगण्यासाठी बनवलेलं झाड.

"हे मरत नाही," रोपवाटिकेवाला म्हणाला. "पाणी नको, माती नको. काडी तोडून फेकली तर काडीला मुळं फुटतात. माझ्या कचऱ्याच्या ढिगावर बघ, अख्खा ढीग पिवळा झालाय."

"छान," खुंटी म्हणाली. आयुष्यभर ती डाग पुसत आली होती, पसरणाऱ्या डागाची भीती तिला कशी वाटावी. तिला त्या वेळी फक्त मामाचं नाक दिसत होतं, आणि नाक मोठं असलं की मागचं काही दिसत नाही.

सात रोपं तिने आणली आणि तीन दिवस त्यांच्यावर काम केलं, एखाद्या नवरदेवाच्या फोटोवर करावं तसं, फक्त उलटं. मुळांची कुंडीतली काळी माती धुऊन काढली. पानांवर रस्त्याची धूळ चोळली. नखं कापायच्या कात्रीने पानांच्या कडा किडीने खाल्ल्यासारख्या कुरतडल्या. एका फुलाची एक पाकळी फाडली, कारण निसर्गात सगळं नीटनेटकं असलं की लोकांना संशय येतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सातही रोपं खडकाच्या बाजूला, चिमणदातापासून हातभर लांब, लावून झाली. लोखंडी खुंटीवरून पाहिलं तर ती तिथे जन्मापासून असावीत अशी दिसत होती.

नोव्हेंबर उजाडेपर्यंत ती रुजली, फुलली. मग तिने आईला सांगितलं, उतारावर एक पिवळं फूल आलंय, कुणी कधी पाहिलं नाही असं, पण मामाला एवढ्यात सांगू नकोस. आईने शब्द दिला. अकरा मिनिटांनी मामाचा फोन आला, उतारावर ते पिवळं फूल नेमकं कुठे आहे.

मामा गेला. सात फुलांचे सात फोटो काढले आणि सातही रोपं उपटून, तोडून, डाव्या खांद्यावरून मागे उतारभर भिरकावली. खुंटी रस्त्यावरून बघत होती. तिला हसू आलं, जे धंद्यात चालत नाही.

पुढचं तिच्या हाताबाहेर आणि अपेक्षेबाहेर झालं. मामाने नुसतं कॅलेंडर काढलं नाही. ही या मातीतली, आजवर कुणाला न सापडलेली वनस्पती आहे असं त्याने जाहीर केलं, फुलाला स्वतःचंच आडनाव दिलं आणि उतार संरक्षित करावा असा अर्ज वनखात्यात टाकला. तिथले साहेब महिनाअखेर निवृत्त व्हायचे होते. पस्तीस वर्षांत आपल्या हातून काहीच वाचलं नाही ही खंत त्यांना होती. त्यांनी त्याच दिवशी फाईल मंजूर करून पुढे पाठवली.

आणि मग जानेवारीचा कार्यक्रम. सभागृह भरलेलं, पंखे कमी. मंचावर मामा, मामामागे निळा पडदा (स्टुडिओतलाच, कमी पडत होता म्हणून जोड दिलेला), टेबलावर फुलाचा दीड हात उंच फोटो. पाहुण्या म्हणून कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई बोलावल्या होत्या, ज्यांना गाव भिंगवाल्या बाई म्हणायचं. मामा माईकवर सांगत होता, की हे फूल फक्त आपल्या मातीत येतं, परकं पाणी त्याला मानवत नाही, ते फार लाजाळू आहे.

खुंटी पहिल्या रांगेतून उठली. मंचावर गेली. पिशवीतून टांगती कुंडी काढली आणि फोटोशेजारी ठेवली. कुंडीला रोपवाटिकेची चिठ्ठी होती, "उन्हात ठेवावे. लहान मुलांपासून दूर ठेवायची गरज नाही."

भिंगवाल्या बाईंनी भिंग काढलं. फोटोकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं, फोटोतल्या पानाच्या कडेकडे बराच वेळ पाहिलं. "हे कात्रीने कापलंय," त्या माईकमध्ये म्हणाल्या. "आणि हे झाड माझ्या गॅलरीत आहे. माझ्या सुनेने आणलंय. मला आवडत नाही."

आधी मागून एक जण हसला. मग रांगेरांगेने हसू पुढे आलं, लाटेसारखं नव्हे, खोकल्यासारखं, दाबून दाबून फुटलेलं. किल्ल्या बनवणारा खुर्चीवरून घसरला. मामाचा चेहरा आधी पांढरा, मग लाल, आणि घसा गर्द लाल झाला, अगदी फुलाच्या जातीवर गेला. काचेतल्या फोटोची इतकी सवय झालेली, की तीनशे माणसांना त्याचा डावा कानही त्या क्षणी खाली आलेला दिसला.

खुंटीने गळ्यातला कॅमेरा वर केला.

"हनुवटी वर घ्या," ती म्हणाली. मामाला ती जन्मात पहिल्यांदा 'घ्या' म्हणत होती. "हसू नका."

आणि बटण दाबलं. एकच फोटो. दुसरा काढायचा नाही. त्या रात्री ती पोटभर जेवली आणि बाबांच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली.

सोमवारपासून ते झालंच नव्हतं.

आई म्हणाली, कार्यक्रम छान झाला, मामाला जरा उकडलं. वर्तमानपत्रात "उत्साहात संपन्न" असं आलं. भिंगवाल्या बाईंना कुणीतरी समजावलं की माईक खराब होता, तुमचं काही ऐकू आलं नाही, आणि बाईंनी ते मान्य केलं, कारण त्यांच्या नातवाच्या शाळेचे फोटो मामाकडूनच व्हायचे होते. जे हसले होते ते रस्त्यात मामाला वाकून नमस्कार करू लागले, हसलेल्या माणसाला तसं करावंच लागतं. मामानेही खुंटीला कामावरून काढलं नाही की सुनावलं नाही. नुसता निळा पडदा धुऊन आणला आणि "सकाळी लवकर ये" म्हणाला. हे तिला सगळ्यात वाईट वाटलं. सूड घेतल्याची पोच तरी मिळायला हवी होती.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी ती उतारावर गेली तर तारेचं कुंपण होतं. कुंपणावर पाटी, पाटीवर मामाचं पिवळं फूल आणि खाली लिहिलेलं, "स्थानिक दुर्मीळ वनस्पती. तोडणे, उपटणे, इजा करणे दंडनीय." लोखंडी खुंटी कुंपणाच्या आत राहिली होती. आणि मामाने जिथे जिथे खांद्यावरून काडी फेकली होती तिथे तिथे तिला मुळं फुटली होती. सात रोपांची तिने बाहेरून चौऱ्याऐंशी मोजली, मग मोजणं सोडलं. खडकाची सावलीची बाजू पिवळी झाली होती.

ती वनखात्यात गेली. निवृत्त साहेबांच्या जागी नवीन साहेब यायचे होते, तोवर टेबलावर एक कारकून होता आणि त्याच्यासमोर ठराव. ते झाड कुंडीतलं आहे, असं तिने सांगितलं. ठरावात ते स्थानिक आहे, असं कारकुनाने दाखवलं.

"पण ते मीच लावलंय."

"मग परवानगी घेतली होती का लागवडीची?" कारकुनाने नवा कागद ओढला.

तिने विचारलं, खाली एक खरं फूल आहे, निळं, त्याचं काय. कारकुनाने तीन पानं चाळली. निळ्याची नोंद नव्हती. नोंद नसलेल्या वनस्पतीला संरक्षित वनस्पतीपासून धोका असेल तर काय करायचं, याचा नमुना कार्यालयात उपलब्ध नव्हता. आत जायला एकाच माणसाला परवाना होता, मानद संरक्षकाला. मानद संरक्षक कोण, हे तिने विचारलं नाही. गावात मानद असं एकच माणूस होतं.

उन्हाळा गेला. त्या वर्षी उतार जळलाच नाही, पिवळाच्या पिवळा राहिला. खुंटी बाहेरून फोटो काढत राहिली, कुंपणाच्या खांबावर कॅमेरा टेकून. पण ती जागा तीन पावलं डावीकडे होती, त्यामुळे नव्या फोटोंतला उतार जुन्यांच्या शेजारी ठेवला की ओळख पटेना. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी तिने लांबचं भिंग लावलं. पिवळ्याच्या खाली, पानांच्या फटीतून, निळं दिसलं. तीन रोपं.

सोमवारी ती मामासमोर उभी राहिली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मामा स्टुलावर बसून काळ्या कोटाचं बटण शिवत होता. चौकशीला आलेल्या माणसाला सांगावं तसं तिने त्याला सगळं सांगितलं, आणि शेवटी जे सांगायला ती आली होती ते.

"मामा, तू एकदा आत जा. परवाना तुझ्याकडे आहे. ती पिवळी सगळी उपट. तुला जमतं ते. फेकू मात्र नकोस, पोत्यात भर. मी पाया पडते."

मामाने दोरा दाताने तोडला. "फुलं तोडणं मी सोडलं," तो म्हणाला. "संरक्षक आहे मी आता. शोभत नाही."

"तीनच राहिलीत रे."

"कसली?"

"बाबांची."

मामाने कोट झटकला, हँगरला लावला. मग तिच्याकडे पाहिलं, आठ महिन्यांत पहिल्यांदा सरळ, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते सगळं सभागृह होतं, एकेक खुर्ची, एकेक हसू, काही म्हणजे काही विसरलेलं नव्हतं.

"हनुवटी वर घे, भाचे," तो हळूच म्हणाला. "हसू नकोस."

खुंटीने हनुवटी वर घेतली. ती हसत नव्हतीच. मग संगणकावर बसली, मामाचा ऑक्टोबरचा फोटो उघडला, कान एकदम चार केस खाली घेतला, आणि त्याच बैठकीत अर्ज लिहिला. मसुदा असा:

प्रति, माननीय अधिकारी (पद रिक्त असल्यास रिक्त पद), वनखाते.

विषय: संरक्षित वनस्पती उपटण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय, अर्जदार ही सदर वनस्पतीची लागवड करणारी गुन्हेगार असून तिला त्याचा पश्चात्ताप आहे. ज्यांच्यासाठी लागवड केली त्यांच्याबाबतीत मात्र नाही. सोबत उताराचे पासपोर्ट आकाराचे दोन फोटो जोडले आहेत, एक पूर्वीचा, एक आत्ताचा. दोन्हींत कोणीही हसलेले नाही. तरी अर्जदारास दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या रविवारी सकाळी साडेसात वाजता, कोणत्याही अवजाराशिवाय, फक्त नखांनिशी कुंपणाच्या आत सोडावे; मानद संरक्षकांना काळा कोट घालून शेजारी उभे करावे व उपटलेले प्रत्येक रोप त्यांच्या हाती द्यावे, ते त्यांनी कोणत्याही खांद्यावरून फेकू नये; आणि हे कार्यालयास शक्य नसल्यास, सदर पिवळ्या वनस्पतीस आपल्या सही-शिक्क्याची लेखी नोटीस बजावून तिने पंधरा दिवसांच्या आत, चिमणदातास धक्का न लावता, स्वतःहून उतार रिकामा करावा असा आदेश द्यावा, ही नम्र विनंती.